भिंतीतून जाणारा डक्ट: सहा इंची पाइप चपटा करण्याबद्दल

डक्ट म्हणजे हवा वाहून नेणारा पत्र्याचा मार्ग. तो भिंतीतून न्यायचा असेल तर सहा इंची गोल पाइप चपटा करून भिंतीच्या साडेतीन इंच खोल पोकळीत बसवायचा, किंवा त्याऐवजी तीन इंची दोन पाइप टाकायचे, असे दोन पर्याय सुचवले जातात. दोन्ही टाळा.

चपटा केल्यावर पत्र्याचा घेर तेवढाच राहतो, पण आतलं क्षेत्रफळ घटतं. गोल असताना ते सुमारे २८ चौरस इंच असतं, सव्वातीन इंच जाडीला दाबलं की २२. तीन इंची दोन पाइपांचं तर जेमतेम १४ भरतं. त्यात लहान पाइपात घर्षण फार, त्यामुळे तेवढ्याच दाबाला दोन्ही मिळून एक तृतीयांशही हवा देत नाहीत.

सव्वातीन बाय दहाचा तयार आयताकृती डक्ट घ्या. घर्षणाच्या हिशेबाने तो सहा इंची गोलाला समतुल्य आहे, म्हणजे साधारण १०० सीएफएम (मिनिटाला १०० घनफूट हवा). जास्त हवा हवी असेल तर सव्वातीन बाय चौदा, जवळजवळ सात इंची गोलाइतका. स्टड (भिंतीच्या सांगाड्यातले उभे खांब) मध्यापासून मध्यापर्यंत सोळा इंचांवर असतील तर मधली मोकळी रुंदी साडेचौदा असते, म्हणून चौदाचा घेण्याआधी प्रत्यक्ष मोजा. एखादा स्टड वाकडा असला की अडलंच.

सांध्यांचे स्क्रू अरुंद बाजूंना मारा, रुंद बाजूला त्यांची डोकी जिप्सम बोर्ड फुगवतात. सांध्यांना मॅस्टिक (फटी बुजवणारा दाट लेप) लावा. कापडी टेप उष्णतेने सुटतो आणि नंतर भिंत फोडल्याशिवाय हात पोचत नाही. बाहेरची भिंत मात्र नकोच, इन्सुलेशनला (उष्णता अडवणाऱ्या थराला) जागा उरत नाही.