बागेतील मजुरांना ‘अरे-तुरे’ करण्याची पद्धत कशी बदलावी?

प्रश्न (दिंडोरी रस्ता, नाशिक):
दिंडोरी तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून थिनिंगपर्यंत (घडांच्या विरळणीपर्यंत) पेठ-सुरगाण्याकडील आदिवासी मजुरांची एक टोळी दरवर्षी आमच्याकडे मुक्कामाला असते. नोकरी सांभाळून मी बागेत लक्ष घालू लागलो, तेव्हा एक गोष्ट मनाला फार लागली. साठी ओलांडलेल्या मुकादमांना आमच्या घरातील अकरावीतला मुलगा सहज ‘अरे’ म्हणतो आणि ते त्याला ‘दादा, तुम्ही’ म्हणतात. त्यांचे चहाचे पेलेही विहिरीजवळच्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले असतात. वडील म्हणतात, ही जुनी पद्धत आहे, कोणी अपमान म्हणून करत नाही. त्यांचे मन न दुखावता हे कसे बदलावे?

उत्तर १ (पंचवटी):
मराठीत आपण आईलाही ‘तू’ म्हणतो आणि विठ्ठलालाही, परंतु तेथे माया असते. आजोबांच्या वयाच्या माणसाला मुलाने ‘अरे’ म्हणावे आणि उत्तर ‘तुम्ही’ने यावे, यात मायेचा अंशही मला दिसत नाही. मी काळाराम मंदिराजवळ राहते. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांनी पुढे काही वर्षे चिकाटीने चालवला, आणि ते दादासाहेब तुमच्याच तालुक्यातील आंबे गावचे. तेव्हा दार बंद ठेवणारेही रूढीचाच आधार घेत होते. आदिवासींचा इतिहास निराळा आहे हे मी जाणते, तरी कोनाड्यातल्या पेल्यामागची भावना तीच आहे. बोलण्याची सवय हळूहळू बदलेल; पेल्यांसाठी मात्र कोणाच्या संमतीची वाट पाहू नका.

उत्तर २ (निफाड):
आम्ही अचानक ‘अहो’ म्हणू लागलो, तेव्हा मुकादम बावचळले. कामावरून काढणार, असे त्यांना वाटले. म्हणून आधी नावे विचारा. आमच्या हजेरीच्या वहीत कित्येक वर्षे केवळ ‘पेठवाले ९’ असे लिहिले जात असे. आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: थिनिंगमध्ये स्त्रियांचा हात पुरुषांइतकाच, किंबहुना अधिक चपळ चालतो, तरीही त्यांची मजुरी कमी धरतात. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ साली झाला. मजुरीत फरक ठेवून नुसते आदराने बोलणे मला अपुरे वाटते.

उत्तर ३ (सिडको):
वडिलांना उपदेश करू नका. त्यांच्यासमोर त्याच पेल्यातून आपण चहा घ्या.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. आज सर्व पेले एकाच ताटात ठेवले आणि मी टोळीबरोबर बसून चहा घेतला. वडील काही बोलले नाहीत, मात्र त्यांनी चहा घेतला नाही. याचे मला वाईट वाटले. मजुरीचा हिशेब या आठवड्यापासून सर्वांना सारखाच धरणार आहे. हजेरीची वही नव्याने लिहायला घेतली, तेव्हा अकरा जणांपैकी चौघींची नावे मला ठाऊकच नाहीत असे लक्षात आले. ती उद्या सकाळी विचारून घेणार आहे.