इन्सुलिनला अजून फ्रिज का लागतो?

श्रीवर्धनकर: ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्याकडे तीन आठवडे वीज नव्हती. आईचं इन्सुलिन मासळीवाल्याच्या बर्फाच्या पेटीत ठेवलं. कुपी बर्फाला टेकून गोठली, फेकावी लागली. इन्सुलिन सापडलं १९२१ साली. शंभर वर्षांत ते औषध बाटलीत उन्हाळा काढेल एवढंही जमू नये? कोकमाचं आगळ मिठावर वर्षभर राहतं. कंपन्यांनी इन्सुलिन टोचायचे नवे पेन काढणं थांबवून आतलं पाणी टिकाऊ करावं, असं माझं स्पष्ट मत.

लोटे_सेकंड_शिफ्ट: आगळाचं उदाहरण इथे चालत नाही. मीठ जंतूंना अडवतं, ते काम इन्सुलिनमध्ये फिनॉल नाहीतर मेटाक्रेसॉल करतंच. इथे रेणूच नाजूक. ए आणि बी अशा दोन साखळ्यांत ५१ अमिनो आम्लं, आणि पाणीच त्यांना कुरतडतं. द्रावण आम्लधर्मी ठेवलं तर ए साखळीतलं २१ वं अमिनो आम्ल अ‍ॅस्पराजिन बिघडतं, उदासीन ठेवलं तर बी साखळीतलं ३ रं. वरून हलवाहलव. अर्धी कुपी एसटीतून कशेडी घाट उतरली की हवा आणि पाणी भेटतात तिथे रेणू उलगडतात, एकमेकांना चिकटतात, तंतू होतात. जस्ताभोवती सहा-सहा रेणू बांधून ठेवले की टिकतात खरे, पण घट्ट बांधलेले टोचल्यावर सुटतातही उशिरा. जेवणाआधीचं इन्सुलिन उशिरा सुटून कसं चालेल?

अलिबागचा_बंडू: एवढं कशाला, माठात ठेवा!

गुहागरची_सिस्टर: लोटेदादा, अगदीच अशक्य नाहीये हो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायच्या कार्बेटोसिनला आधी फ्रिज लागायचा. रेणू तोच ठेवला, पीएच नेमका बसवला, ऑक्सिडेशन रोखायला मेथिओनिन घातलं. आता ते ३० अंशांना तीन वर्षं राहतं, २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आलं. आम्ही मात्र त्याच कामाच्या ऑक्सिटोसिनसाठी लाइट गेली की फ्रिजचं दार धरून बसतो.

लोटे_सेकंड_शिफ्ट: ताई, तो पिटुकला रेणू, इन्सुलिनच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा. शिवाय तुमचं अ‍ॅम्प्यूल फोडलं की लगेच संपतं. इन्सुलिनची कुपी महिनाभर रोज सुया खाते.

चिपळूणचा_केमिस्ट: बंडूशेठ, माठ देशावर. आपली हवा इतकी दमट की माठ पाझरतो, गार होत नाही. आणि श्रीवर्धनकर, राग मानू नका, तुमची कुपी उन्हाने नाही, बर्फाने गेली. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. चालू कुपी साधारण चार आठवडे ३० अंशांखाली बाहेर चालते, बहुतेक वेष्टनांवरच छापलेलं असतं. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठाने केनियातल्या निर्वासित छावणीसारखं २५ ते ३७ अंशांचं वरखाली तापमान चार आठवडे दिलं, तरी इन्सुलिनचा जोर कमी झाला नाही. द्रव वाटतो त्यापेक्षा चिवट आहे. संशोधनाच्या नावाने बोंब मारण्याआधी गिऱ्हाइकाला एवढं नीट सांगू या.

श्रीवर्धनकर: राग नाही, बर्फाचं खरंय. पण तुमचं सगळं चालू कुपीचं. पावसाआधी दोन महिन्यांचा बंद साठा भरतो, त्याला २ ते ८ अंशच लागतात ना?

चिपळूणचा_केमिस्ट: तर साठा भरू नका. महिन्याचं महिन्याला न्या.

श्रीवर्धनकर: २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात तुमच्याच दुकानात पाणी होतं ना, दादा? त्या आठवड्यात कुठून नेलं असतं?