मदत हवी आहे: १९५५ च्या टॉप्स बेसबॉल कार्डांवरच्या सह्या खऱ्या की छापील?

एडिसनकर
टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या १९५५ च्या संचातली, बेसबॉलपटूंची चित्रं छापलेली २३ आडवी कार्डं जुन्या अल्बमसकट घेतली आहेत. सही सगळ्यांवरच दिसते, पण ६ कार्डांवर दोन-दोन सह्या आहेत. खरी कोणती? कार्डं मूळ आहेत की पुनर्मुद्रित? आणि पीएसएकडे (कार्डं तपासून दर्जाचा आकडा, म्हणजे ग्रेड, देणारी कंपनी) पाठवण्याआधी कडेचे डाग पुसावेत का? हाताशी दहापट भिंग आणि मिलिमीटरची पट्टी आहे.

भिंगवाला
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: पुसू नका. खोडरबर फिरवलेली जागा तिरप्या उजेडात वेगळी चमकते. ग्रेडिंगवाल्यांच्या नजरेत तो फेरफार ठरतो आणि १ ते १० मधला आकडा मिळायचा तो मिळत नाही. शिवाय ओल्या बोळ्याने शाई पसरली तर ती परत आणता येत नाही.

या संचात प्रत्येक कार्डावर सहीची काळी नक्कल छापलेलीच आहे. म्हणजे एकच सही असलेली १७ कार्डं बहुधा साधी आहेत. त्याच क्रमांकाच्या कार्डाचं चित्र नेटवर काढा. सही त्याच जागी, त्याच वळणाची असेल तर ती छापील. इथे ठिपके शोधत बसू नका, मूळ कार्डावर छापील सहीची रेघ सलग काळीच असते. उलट अक्षरं आणि बारीक रेघा रंगीत ठिपक्यांनी बनलेल्या दिसल्या, तर कार्डच अलीकडचं पुनर्मुद्रण आहे.

मापही घ्या. १९५५ चं कार्ड सुमारे ६७ × ९५ मिमी असतं. ६३.५ × ८९ मिमी हे आजचं प्रमाण माप टॉप्सने १९५७ पासून धरलं. एखादं कार्ड मोठ्या मापापेक्षा मिलिमीटरभर कमी भरलं आणि कडा संशयास्पद ताजी, धारदार असली, तर ते कापलेलं असू शकतं.

आता ती ६ कार्डं. दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरा. बॉलपेनने पुठ्ठ्यात बारीक चर पडतो, आणि रेघ जिथे दुसरी रेघ ओलांडते तिथे शाई दाट होते. हात सुरुवातीला टेकतो, शेवटी उचलला जातो. नक्कल करणारा मध्येच थांबतो, तिथे शाईचा ठिपका साचतो किंवा रेघ थरथरते. रबरी शिक्क्याची शाई कडांना जमते, चर मात्र पडत नाही.

कागदपारखी
यात पेनाचा इतिहास जोडा, कारण त्याने काही सह्या चटकन बाद होतात. शार्पी मार्कर १९६४ मध्ये बाजारात आला. बोस्टन रेड सॉक्स संघाचा खेळाडू हॅरी अगानिस २७ जून १९५५ रोजी वारला, आणि तो या संचात आहे. त्याच्या कार्डावर शार्पीची सही असेल तर विषय संपला. नामवंत बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटेचं पदार्पणाचं कार्ड, क्रमांक १६४, याच संचातलं. तो ३१ डिसेंबर १९७२ च्या विमान अपघातात गेला, त्यामुळे त्याच्या सहीला मागणी फार आणि खोट्या सह्याही तितक्याच.

विक्रेत्याने दिलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. १९९० च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये पकडलेल्या टोळ्या सह्यांसोबत प्रमाणपत्रंही बनवत होत्या. पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या पारखणाऱ्या कंपन्यांपैकी एकीकडून सही तपासून घ्या.

अर्ज भरताना एक चूक बरेच जण करतात. साध्या ग्रेडिंगला पाठवलं तर खेळाडूची खरी सहीसुद्धा ‘कार्डावर लिहिलंय’ म्हणून दोष धरली जाते. सही तपासणीची किंवा कार्ड-सही दोन्हींची सेवा निवडा.

एडिसनकर
दोघांचेही आभार. क्लेमेंटे आहे, दुसरी सही निळ्या बॉलपेनची, चर दिसतो. पण ते कार्ड अल्बमच्या मऊ प्लास्टिकला चिकटलंय. ओढू का?

कागदपारखी
अजिबात नको. ते पीव्हीसी असणार. त्यातलं मऊपणा आणणारं रसायन बाहेर झिरपतं आणि बॉलपेनची शाई विरघळवतं. आधी पानाच्या मागून-पुढून बघा: प्लास्टिकवर सहीची उलटी छाप उठली असेल तर पान आहे तसं ठेवा आणि कागद-संवर्धकाला दाखवा, कारण पुढचं काम घरचं नाही.

छाप नसेल तर खिशाच्या तीन शिवणी बारीक कात्रीने कापा. कार्ड टेबलावर सपाट दाबून ठेवा आणि प्लास्टिक मागे दुमडत सोलत न्या, सहीपासून लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करून. कार्ड वाकवायचं नाही. केसवाळवणीचा गरम झोतही नको, शाई मऊ होते.

भिंगवाला
सुटल्यावर ‘पीव्हीसी-मुक्त’ लिहिलेला पॉलिप्रॉपिलीनचा पातळ स्लीव्ह (खोळ) घाला, त्यावर टॉपलोडर (वरून उघडं कडक प्लास्टिकचं कव्हर), दोन्ही जुन्या मोठ्या मापाचे. नेहमीच्या मापात कोंबलं तर कोपरे बसतात, आणि जुन्या कार्डाची किंमत कोपऱ्यांतच असते. पाठवताना टॉपलोडरऐवजी कार्ड सेव्हर हे अर्धकडक प्लास्टिकचं पाकीट वापरा, त्यातून कार्ड ओढाताण न करता निघतं. रबरबँड कुठेही नको. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा आणि निळी सही उन्हापासून दूर. बॉलपेनचा रंग प्रकाशात उडतो.

क्लेमेंटे सुटला की त्या दुसऱ्या सहीचा तिरप्या उजेडातला फोटो इथे टाका. ‘Roberto’ मधला पहिला आर बघायचा आहे.