वय ४४, टूल रूम सोडून मूर्तिकामात यायचं म्हणतोय, कोणी असं केलंय का?

घणसोलीकर:
नमस्कार मंडळी. आयटीआय टूल अँड डाय मेकर, रबाळे एमआयडीसीत एकाच कंपनीत १९ वर्षं टूल रूमला आहे, प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड म्हणजे साचे बनवतो. घरी बायको, मुलगी यंदा दहावीला, घराचा हप्ता अजून ६ वर्षं.

चार वर्षांपूर्वी मुलीसाठी म्हणून पेणहून शाडूची गोण आणली आणि घरचा गणपती हाताने केला. सोंडेच्या मुळाशी तडा गेला कारण मी फॅनखाली वाळत ठेवला, सोंड बारीक म्हणून आधी सुकली आणि पोट ओलंच राहिलं. पुढच्या वर्षी सावकाश सुकवला, नाही गेला. मागच्या वर्षी ११ मूर्ती केल्या, सगळ्या आमच्याच बिल्डिंगमध्ये गेल्या. आता होतं काय की सेकंड शिफ्ट करून साडेअकराला घरी येतो आणि जेवायच्या आधी मूर्तीवरचं ओलं फडकं काढून बघतो. कंपनीत पॉइंट झिरो टू मिलिमीटरसाठी दिवस घालवतो, त्या मोल्डमधून लाखो झाकणं निघतात पण ते मी केलंय असं मनाला कधी वाटत नाही. आणि मला नुसते गणपती नाही करायचे, माणसांचे चेहरे करायचेत, व्यक्तिशिल्पं.

नोकरी सोडू का? आता मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय वगैरे शक्य आहे का? खरंखुरं सांगा, गोड नको.

महापेवाला:
उत्तरं वाचायला थांबलोय. सीएनसी ऑपरेटर, वय ३९, मला पोर्ट्रेट करायचीत. हाच प्रश्न.

मातीकाम_ठाणे:
दादा, मी वागळे इस्टेटला मोटर रिवाइंडिंग करायचो, ४१ व्या वर्षी सोडलं, आता नऊ वर्षं झाली. माझी चूक सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. मी जूनमध्ये राजीनामा दिला, म्हटलं गणपतीत कमवू. जूनमध्ये गणपतीचं काम सुरू नाही होत, संपत आलेलं असतं! पेणला कारखाने वर्षभर चालतात, बुकिंगवाले कधीच येऊन गेलेले असतात, आणि पावसात माती वाळत नाही ते वेगळंच. पहिलं वर्ष मी बायकोच्या पगारावर काढलं. गणपतीचा पैसा भाद्रपदात एकदम येतो आणि तोच पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचा असतो, दर महिन्याच्या ७ तारखेची सवय असलेल्या माणसाला हे फार जड जातं.

पण तुमची पोस्ट वाचून मला वेगळंच वाटलं. तुम्ही मोल्ड मेकर आहात हो! आमच्याकडे चांगले चांगले शिल्पकार साच्याला घाबरतात. पार्टिंग लाइन म्हणजे साच्याच्या तुकड्यांचा जोड कुठून घ्यायचा, कानामागे अंडरकट म्हणजे आत वळलेला भाग साच्यात कुठे अडकेल, साचा किती तुकड्यांत करायचा, हे त्यांना चार कामं बिघडवून कळतं आणि तुम्ही १९ वर्षं रोज तेच करताय. पीपी प्लास्टिकचं श्रिंकेज (आकसणं) दीड-दोन टक्के धरून मोल्ड मोठा करता ना, माती पण सुकताना आकसते, तोच हिशोब. मला आज निम्मं उत्पन्न दुसऱ्यांच्या शिल्पांचे रबरचे साचे काढून आणि फायबरमध्ये कास्टिंग करून देण्यातून येतं. तुम्ही शनिवार-रविवारी एवढंच सुरू करा, नोकरी न सोडता. शिल्पकाराच्या स्टुडिओत साचा काढताना त्याचं काम बोटाखालून जातं, मी तर तिथेच शिकलो.

शिल्पा_जेजे:
जे.जे.बद्दल मी सांगते, शिल्पकला विभागातूनच पास झालेय. पूर्ण वेळ चार वर्षांची पदवी आहे, आधी प्रवेश परीक्षा. तुमच्या हप्त्यात ते बसणार नाही आणि माझं प्रामाणिक मत, तुम्हाला त्या कागदाची गरजही नाही. गरज आहे ती जिवंत माणूस समोर बसवून काम करण्याची. गणपतीच्या चेहऱ्यात हाड नसतं, माणसाच्या चेहऱ्यात हाडच सगळं असतं. आधी मातीत नुसती कवटी करा, तीनदा करा, मग त्यावर स्नायू चढवा, नाक-डोळे सगळ्यात शेवटी. फोटोवरून करू नका, फोटोत खोली सपाट होते.

आणि एक रविवार सासवण्याला जा. अलिबाग तालुक्यात मांडव्याजवळ आहे, तुम्हाला घणसोलीहून पेणमार्गे रस्त्यानेही जाता येईल. शिल्पकार करमरकरांचं घर आता शिल्पालय आहे. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. गावातल्या या मुलाची चित्रं ऑटो रॉथफिल्ड या कलेक्टरने पाहिली आणि त्यांना जे.जे.ला पाठवलं. तिथली सिमेंटमधली म्हैस बघा, मी पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धा तास तिच्याभोवतीच फिरत होते. कातडी हाडावर कशी ओढली गेलीय ते कमरेपाशी कळतं.

ऐरोलीची_ताई:
भाऊ, मी दुसऱ्या बाजूने बोलते. आमच्या ह्यांनी वेल्डिंग सोडून भंगारातून शिल्पं करायला घेतली. मला अभिमान आहे त्यांचा, पण ते मला राजीनामा दिल्यावर सांगितलं आणि ते मला अजून लागतं. वहिनींना आत्ताच सगळे आकडे दाखवा. ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग वर्षांनी गुणा. समजा २६ हजार असेल तर वर्षाला १५ हजार, १९ वर्षांचे २ लाख ८५ हजार. एवढ्यात घराचा हप्ता किती महिने निघतो ते बघा. कंपनीचा मेडिक्लेम असेल तर तो जाणार, स्वतःचा आधी काढा. मुलीची दहावी तरी होऊ द्या, माझ्या मुलाचं ते वर्ष घरातल्या भांडणात गेलं.

आणि मातीचे हात बेसिनमध्ये धुवू नका, शाडू खाली बसून पाइप तुंबतो, आमच्या खालच्या मजल्यापर्यंत गेलं होतं. बादलीत धुवा, माती बसू द्या, वरचं पाणी ओता.

घणसोलीकर:
ताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग डायरी घेऊन बसली, रात्री एकपर्यंत हिशोब केला. नोकरी आत्ता सोडत नाही. मुलीची बारावी होईपर्यंत शनिवार-रविवार साच्याचं काम घ्यायचं आणि ते पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे, मग बघू असं ठरलं. मातीकाम दादा, साच्याचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं, व्यनि (खाजगी निरोप) करतोय, येत्या शनिवारी तुमच्याकडे आलो तर चालेल का?

कवटी सुरू केलीय. जबड्यापाशी चुकतोय, दोन्ही बाजू सारख्या मापात घेतो आणि चेहरा मेल्यासारखा दिसतो. शिल्पाताई, डावं-उजवं किती वेगळं ठेवायचं?