मदत हवी आहे : आल्प द्युएझच्या चढावर वडिलांना कुठे उभे करावे?

सप्रेम नमस्कार. दादरच्या घरी रात्री साडेआठ-नऊपर्यंत टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे डोंगरी टप्पे दूरचित्रवाणीवर पाहणारे आम्ही बापलेक आता ते प्रत्यक्ष पाहू इच्छितो. त्यातला फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील आल्प द्युएझचा चढ सुमारे १३.८ किलोमीटरचा आणि सरासरी आठ टक्क्यांचा असून त्यावरील २१ वळणांचे क्रमांक वर जाताना उतरत जातात. त्यांपैकी ७ क्रमांकाचे वळण डच चाहत्यांच्या जल्लोषासाठी प्रसिद्ध असल्याने वडिलांसाठी (वय ६८, गुडघे कुरकुरणारे) मी ते टाळणार आहे. शर्यतीच्या दिवशी हा रस्ता वाहनांना बऱ्याच आधी बंद होतो, म्हणून पायथ्याच्या बूर-द्वाझां गावातून पहाटे चालत निघावे, की आदल्या दिवशीच वर मुक्काम करावा? शिवाय, बसायला सावली कोणत्या वळणापाशी मिळेल, हे जाऊन आलेल्यांनी कृपया कळवावे.