जुन्या एमजीबीला अॅम्बेसेडरचा होज: बसतो, की आपण बसवून घेतो?

सीताबर्डी६७

मामांची १९६७ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली. गेल्या रविवारी नागपूरहून रामटेकला निघालो होतो. कन्हानचा पूल ओलांडला आणि मनसरच्या अलीकडे रेडिएटरचा वरचा होज (पाण्याची रबरी नळी) फाटला. भोक नाही पडलं, क्लिपेपासून वीतभर उभी चीर गेली. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वरून तार आवळली, रेडिएटरचं झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवलं आणि परत आलो. झाकण सैल असलं की दाब धरत नाही, त्यामुळे चिरेवर ताण येत नाही. पण मग पाणीही लवकर उकळतं, म्हणून दर आठ-दहा किलोमीटरला थांबत, कामठीत चहा पीत, तीन तासांत घरी.

सोमवारी घाट रोडवर दोन दुकानं पालथी घातली. दोन्हीकडे एकच उत्तर: "अॅम्बेसेडरचा घेऊन जा, इंजिन तेच आहे." हे अर्धं खरं आहे. दोन्ही गाड्यांत बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज घराण्याचं इंजिन, अॅम्बेसेडरचं १४८९ सीसी आणि एमजीबीचं १७९८ सीसी. पण होज नुसत्या इंजिनाला लागत नाही, त्याचं दुसरं टोक रेडिएटरला लागतं. रेडिएटर वेगळं, अंतर वेगळं, वळण वेगळं. सरळ होज जबरदस्तीने वाकवला की आतल्या बाजूला घडी पडते आणि पाण्याची वाट अर्धी होते.

माझं मत: इंग्लंडहून साच्यातले, बरोबर वळणाचे होज एकदाच मागवावेत. वरचा, खालचा, हीटरचे, सगळे. पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, तिकडे आजही तिची अख्खी बॉडी नवी मिळते, तिथे होजची काय कथा. जुगाड रस्त्यावर ठीक, घरी आल्यावर नाही. पटत नसेल तर बोला.

वाडीचा_मिस्त्री

भाऊ, राग नका मानू, पण तुमी पार्सलची वाट पाहून राहिले अन् गाडी पोर्चमंदी उभी. होज म्हंजे रबर अन् धागा. त्याले काय माहीत गाडी इंग्लंडच्या अॅबिंग्डनची हाय का बंगालच्या उत्तरपाड्याची?

दुकानात जाऊन "एमजीचा होज द्या" म्हणलं तर कोणी देणारच नाही. जुना होज हातात घेऊन जा. वाडीले ट्रकच्या दुकानात तारेवर शे-दीडशे होज टांगलेले राह्यतात. आपला जुना त्याच्या शेजारी धरून पाहा. ट्रॅक्टरचा, टेम्पोचा, मिनी बसचा, कोन्त्या ना कोन्त्या लांब होजमंदी तुमचं वळण सापडतेच. तेवढा तुकडा कापा, दोन क्लिपा मारा, झालं. वळण बी साच्यातलंच हाय, घडी पडत नाही. आतलं माप मात्र व्हर्नियरनं घ्या, डोळ्यानं नाही. दोन-तीन मिलिमीटर मोठा होज क्लिप आवळून बसवला तर त्याले चुण्या पडतात अन् चुणीतूनच पाणी येते.

देवलापारच्या जंगलात होज फुटला तर इंग्लंडवाला येणार हाय का?

धरमपेठ_गियर

दोघंही १९६७मध्येच अडकलात. निळे सिलिकॉन होज लावा आणि विसरून जा. उष्णता सहन करण्यात रबर त्याच्या जवळपासही येत नाही. सरळ नळी, ४५ आणि ९० अंशांचे तुकडे, सगळं सुटं मिळतं. हवा तो आकार जोडून घ्या.

सीताबर्डी६७

@धरमपेठ_गियर, तुकडे जोडायचे म्हणजे मध्ये धातूची नळी आली, म्हणजे दोनाऐवजी चार क्लिपा, गळायच्या चार जागा. त्या नळीच्या टोकाला उठावदार कड हवी, नाहीतर दाबाखाली होज सरकून निसटतो. शिवाय खाचा असलेली साधी जुबली क्लिप सिलिकॉनला कापते, त्याला आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप लागते. आणि माझं इंजिन ठिकठिकाणी तेल गाळतं. (पन्नाशी उलटलेल्या ब्रिटिश गाडीने तेल गाळलं नाही तर तेल संपलं असं समजायचं.) साधं सिलिकॉन तेलाला चांगलं नाही. राहिला निळा रंग, तो मामांनी पाहिला असता तर गाडी परत मागितली असती.

@मिस्त्री, ट्रॅक्टरच्या होजवर विश्वास कसा ठेवू? किती दाबाचा, कोणत्या रबराचा, काही कळायला मार्ग नाही.

निवृत्त_रबरवाला

हिंगणा एमआयडीसीत रबराच्याच कामात हयात गेली, म्हणून मध्ये पडतो. वाद चुकीच्या ठिकाणी चाललाय असं मला वाटतं. होज कुठून आला हे तिसऱ्या नंबरचं. आधी तो कशाचा आहे आणि केव्हा बनला ते पाहा.

कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) चांगला होज आज ईपीडीएम रबराचा असतो, मध्ये विणलेल्या धाग्याचा थर. उष्णता, ओझोन, ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) तो उत्तम सोसतो, फक्त तेलाने फुगतो. होजवर एसएई जे२० हे मानक छापलेलं असेल तर तो कूलंटसाठीच बनवलाय. मग तो ट्रॅक्टरचा असला तरी मिस्त्री म्हणतात ते बरोबर. काहीच छापलेलं नसेल तर सीताबर्डी बरोबर. हायड्रॉलिकचा होज मात्र कुणीही लावू नका. खाणींच्या यंत्रांमुळे तो नागपुरात मुबलक आहे, दिसायला दणकट आहे, पण त्याचं आतलं अस्तर तेलासाठी निवडलेलं असतं, गरम ग्लायकॉलच्या पाण्यासाठी नाही.

आता इंग्लंडच्या पार्सलबद्दल. "जुना साठा, कंपनीच्या मूळ पाकिटात" असं वाचून मोहरून जाऊ नका. रबर पाकिटातही म्हातारं होतं. चाळीस वर्षं कपाटात पडलेला होज कोरा दिसतो, वाकवला की पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा उघडतात. हल्ली बनलेलाच मागा.

आणि तुमच्या चिरेबद्दल एक शंका. क्लिपेजवळून सुरू होऊन लांबीच्या दिशेने गेली, म्हणता. नुसत्या म्हातारपणाने होज सहसा बाहेरून कडक होतो, तडकतो. आतून, टोकाजवळ उभ्या रेषा पडत असतील तर ते विद्युत-रासायनिक झिजेचं लक्षण. होज, कूलंट आणि धातू मिळून एक बारीकशी बॅटरी तयार होते आणि ती रबराला आतून चिरत जाते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून होज नुसता मधोमध दाबून पाहण्यात अर्थ नाही. गाडी थंड असताना क्लिपेपासून दोन बोटांवर दाबा, मग मधोमध दाबा. टोकाशी मऊ किंवा पोकळ लागला तर बदला. इंजिनाची अर्थिंगची पट्टी एकदा तपासून घ्या. आणि रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता?

वाडीचा_मिस्त्री

बोरचं. पैज लावतो.

सीताबर्डी६७

…बोरचंच. पण कूलंट मिसळून!

निवृत्त_रबरवाला

कूलंट मिसळल्याने क्षार जात नाहीत. डिस्टिल्ड वापरा, ते बॅटरीवाल्याकडेही मिळतं. बोरच्या पाण्याचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसलाच असेल, होज बदलताना तेही साफ करून घ्या. आणि मनसरला जे हिरवं पाणी सांडलं त्यावर माती टाकली होती ना? ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

स्टॉर्मवाला

तुमचं भांडण वाचून हेवा वाटून राहिला, बाप्पा. माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरच्या बॉडीची, रेनोचं ११४९ सीसी इंजिन. इंग्लंडमधून कधीची बंद झालेली तुमची गाडी, तिचा होज माऊसच्या एका टिचकीवर. माझी इथलीच, माझ्या डोळ्यांदेखत बाजारात आलेली, आणि तिच्यासाठी कुणाकडे साधा पार्ट नंबर नाही. इंजिनाच्या बाजूचं टोक क्लिओ-ट्विंगोच्या होजशी जुळतं, रेडिएटरच्या बाजूचं कशाशीच नाही. त्यामुळे मी मिस्त्रींच्या बाजूने. ज्याच्याजवळ पर्याय आहे त्यानेच शुद्धतेच्या गोष्टी कराव्यात.

महालकर

मला एक कळत नाही, हीटरचे होज कशाला मागवता? नागपुरात हीटर! मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. आमच्या फियाटचा हीटर वडिलांनीच काढून टाकला होता. दोन्ही तोंडं एका इंग्रजी यू आकाराच्या नळीने जोडून दिली. दोन होज कमी, दोन काळज्या कमी.

सीताबर्डी६७

@महालकर, मीही असंच म्हणायचो. पण रविवारी परतताना काटा लाल पट्ट्याला टेकला की मी हीटर पूर्ण उघडायचो. तो म्हणजे एक छोटं जादाचं रेडिएटरच. पाय भाजून निघाले, पण काटा खाली आला. ठेवतोय.

वाडीचा_मिस्त्री

हे बराबर केलं. पण सीताबर्डी भाऊ, एक सांगा. रविवारच्या आधी गाडी गरम होत होती का? अन् कुठं, व्हेरायटी चौकात का हायवेवर?

सीताबर्डी६७

हायवेवर. गंमत म्हणजे सिग्नलला उभी असताना ठीक. वर्धा रोडला ऐंशीच्या पुढे गेलं की काटा चढतो, सावकाश केली की उतरतो. मी रेडिएटर तुंबलंय असं धरून चाललोय.

वाडीचा_मिस्त्री

तुंबलं असंल बी. पण आधी खालचा होज पाहा. वरच्या होजमंदी दाब, खालच्यात ओढ. पंप खालून पाणी ओढून घेते. होज मऊ झाला का जास्त आरपीएमवर तो पिचकून चपटा होते, पाणी जातच नाही. गाडी हळू केली का परत गोल. उभ्या गाडीत पाहाल तर एकदम चांगला दिसंल. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गरम करा, मंग एकानं अॅक्सिलरेटर दाबा अन् दुसऱ्यानं टॉर्च मारून खालचा होज पाहा. हात नका घालू, पंखा बेल्टवरचा हाय, बोटं घेऊन जाईल.

जुन्या होजमंदी आत तारेची स्प्रिंग राहत होती ती याच्यासाठीच. कोणीतरी गंजली म्हणून काढून फेकली असंल.

सीताबर्डी६७

आत्ता पोर्चमध्ये जाऊन पाहिलं. तार अजून वरच्या होजवर आवळलेलीच आहे, झाकण सैल ठेवून गरम केली. मुलाने अॅक्सिलरेटर दाबला. खालचा होज आत ओढला जातो. पूर्ण चपटा नाही, पण डोळ्यांना दिसेल इतका नक्की. आणि स्प्रिंग काढून फेकणारा मीच. तीन वर्षांपूर्वी.

तरी वरच्या होजबाबत माझं मत बदललेलं नाही. तो साच्यातलाच येणार, ऑर्डर केलीय, या वर्षी बनलेला आहे असं विक्रेत्याने लिहून दिलंय. खालचा मात्र पार्सल येईपर्यंत वाडीला येऊन तुमच्या तारेवरचा पाहतो. स्प्रिंगसकट. रविवारी सकाळी?

धरमपेठ_गियर

म्हणजे शेवटी ट्रॅक्टरचाच.

सीताबर्डी६७

तात्पुरता!

स्टॉर्मवाला

मीही येतो, माझे दोन्ही होज घेऊन. तात्पुरता वगैरे काही नाही, बसला तर कायमचा.

वाडीचा_मिस्त्री

रविवारी दुकान बंद राह्यते. सोमवारी अकरानंतर या. अन् जुना होज भंगारात दिला नसंल तरच या.