मदत हवी आहे: डाएटिशियनची इंटर्नशिप कोल्हापुरात होते का?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं होम सायन्समधून बी.एस्सी. झालंय, आता डाएटिशियन व्हायचंय. (पहिला पेशंट घरातच आहे. बाबांना शुगर, तरी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध, तेही दोन पेले!) तीन महिन्यांत सर्टिफिकेट देणारा एक ऑनलाइन कोर्स तिला खुणावतोय, मला काही तो पटत नाही. इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षेला पदव्युत्तर शिक्षण आणि हॉस्पिटलमधली सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. एम.एस्सी.ला पुण्या-मुंबईला पाठवू, पण इंटर्नशिप इथं कुठं मिळेल? वॉर्डात पेशंटचा आहार ठरवायला शिकवतात, की नुसत्या जेवणाच्या ट्रॉल्या मोजायला लावतात? आरडी दिलेलं कुणी असेल तर अभ्यास कसा केला, तेही सांगा.